दुधाची दाढ

स्पिरिटचा वास आला की मला दौंडचा दवाखाना आठवतो आणि जबडा आपोआप आवळला जातो. आईवडील तेव्हा खुटबावला दुसऱ्याच्या मळ्यात खुरपायला जायचे, पोरांची दुखणी काम आटोपल्यावर बघायची, अशीच घरची रीत होती. माझी दुधाची दाढ ठणकायला लागली तेव्हा आईनं गालाला बिब्बा लावला. ठणका थांबला नाही, गाल मात्र भाजला आणि सूज डोळ्यापर्यंत चढली. "अशानंच आमचं पोर गेलं," असं शेजारीण बोलली, तसे वडील मला घेऊन दौंडच्या आगगाडीत बसले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई कडाडल्या, "बिब्बा लावायला हा पोरीचा गाल आहे का जू घासलेला बैलाचा खांदा?" वडील हात जोडून म्हणाले, "बाई, दुधाची दाढ हाय, पडायचीच. उपटून टाका." बाई म्हणाल्या, "ती खालून येणाऱ्या पक्क्या दाढेची जागा धरून बसलीय. आत्ता काढली तर खालची वाकडी येईल. आधी पेनिसिलिन देऊन सूज उतरवू." स्टोव्हवर इंजेक्शनची काचेची पिचकारी आणि सुई खडखडत उकळत होती. ती सुई दाढेतच खुपसणार असं वाटून मी तोंड घट्ट मिटलं. "ठेव मिटून," बाई म्हणाल्या, "मला कुल्ला पाहिजे." वडील हसले, मी त्यांचं धोतर घट्ट धरलं. रोज सुया टोचून सूज उतरली, मग बाईंनी दाढ साफ करून भरली. पुढं ती दाढ तिच्या वेळेला पडली. मी आमच्या घरातली पहिली बी.ए. झाले, आणि त्या दाढेच्या जागी आलेल्या सरळ दाढेनं मी आजही भाकरी चावते.