बारा फुटांचा तुकडा

सिनेमा दुपारी एकला लागणार होता आणि संगीता साडेदहालाच जलालचाचांच्या घरी येऊन बसली. मुकुटबनजवळच्या तांड्यावरून ती सकाळच्या पहिल्या बसनं निघाली होती. वणीच्या रस्त्यावरची कोळशाची काळी भुकटी तिच्या साडीच्या काठाला लागली होती. पाणी पिण्याआधी तिनं पदरानं टीव्हीची काच पुसली.

"मी पुसली ना सकाळी," हजराबी म्हणाली.

"असू दे, चाची. इथली धूळ कोणाचं ऐकते?"

पलंगावर बसलेले जलालचाचा हसले. अडुसष्ट वर्षांचे होते ते. त्यांतली चौतीस वर्षं त्यांनी वणीच्या टॉकीजच्या केबिनमध्ये सिनेमा दाखवायचं मशीन चालवण्यात घालवली होती. टॉकीज बंद पडली, तिथं लग्नाचं सभागृह झालं. निघताना त्यांनी दारावरचा काळा फलक तेवढा मागून आणला आणि मुलाच्या, अफरोजच्या, मोटारसायकलच्या गॅरेजवर टांगला. दर शनिवारी ते खडूनं त्यावर लिहीत: येत्या आठवड्यात टीव्हीवर कोणता जुना सिनेमा पाहण्यासारखा आहे, कोणत्या वेळी आहे, आणि खाली पडद्यामागची एक गोष्ट. अमुक सिनेमातला पाऊस म्हणजे आगीच्या बंबाचं पाणी. तमुक नाचात नायिका बसूनच आहे, कारण तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. कोळशाच्या गाड्यांचे ड्रायव्हरसुद्धा थांबून वाचत. "पंक्चर काढाले येते अन् बोर्ड वाचत बसते," अफरोज कुरकुरे. पण शनिवारी खडू संपला असेल तर तोच आणून देई.

या शनिवारी त्यांनी लिहिलं होतं: "रविवार, दुपारी १. आपल्या जंगलातला सिनेमा. यातला घोडा वणीच्या टांग्याचा. पानठेला दिसला की थांबे."

त्याच दिवशी त्यांनी संगीताला फोन केला होता.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी पांढरकवड्याकडच्या जंगलात त्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. विहिरीवरून पाणी नेणाऱ्या बायकांचा एक प्रसंग होता. त्यासाठी तांड्यावरच्या दहा-बारा बायका नेल्या होत्या. त्यांत भीमसिंगची बायको जमनी होती. कॅमेऱ्याकडे कोणी पाहायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. बायका पाठमोऱ्या चालल्या. जमनी मात्र चार पावलांवर थांबली, वळली आणि थेट कॅमेऱ्यात पाहून हसली. दिग्दर्शक आधी चिडला. मग म्हणाला, राहू द्या, इतकं खरं हसू मला विकत मिळणार नाही. युनिटमधली माणसं संध्याकाळी टॉकीजच्या केबिनमध्ये चहाला येत. ही हकिकत जलालचाचांनी त्यांच्याच तोंडून ऐकली होती.

सिनेमा लागल्यावर तीन वर्षांनी जमनी तापात गेली. संगीता तेव्हा दोन वर्षांची होती. आईचा एकही फोटो नव्हता. कोण काढणार होतं फोटो? बाप गेला, लालीबाई नावाची आत्या होती तीही मागच्या उन्हाळ्यात गेली. आईच्या वयाची बाकीची माणसं काही गेली, काही पोटामागं दूर पांगली. आईला चेहऱ्यानं ओळखणारं तांड्यावर आता कोणीच उरलं नव्हतं. म्हणून तर ती इथं आली होती. सिनेमा मोबाइलवरही दिसला असता, पण बोट ठेवून "ही" असं कोण सांगणार?

"चाचा, मी तिले ओळखीन का वो?"

"वळते ते तुही याडी, तुही माय. दुसरी कोणीच वळत नाही."

"उज्ज्वलानं रेकॉर्डिंग शिकवलं मले." उज्ज्वला तिची मुलगी, यवतमाळला कॉलेजात शिकणारी. "म्हणे, आई, हात हलवू नको. तूच थरथरशील तर आजीबी थरथरीन."

हजराबीनं शेवयांची वाटी तिच्या हातात दिली. तिनं दोन घास घेतले आणि वाटी बाजूला ठेवली.

जलालचाचांनी तिला एक गोष्ट कधीच सांगितली नव्हती. तशी लपवलीही नव्हती. सांगण्याजोगी वाटली नव्हती, एवढंच. वणीत हा सिनेमा सहा आठवडे चालला तो तांड्यामुळे. बैलगाड्या जोडून माणसं येत. खेळ सुटला तरी उठत नसत. "फिरून दाखव, जलाल, आमची जमनी फिरून दाखव." मालक गेला की जलाल ते रीळ पुन्हा मशीनवर चढवी आणि शेवटचा तेवढा भाग दाखवी. एकदा, दोनदा, कधी पाचदा. जमनी स्वतः बायकांच्या बाजूला घुंगटात बसलेली असे. पडद्यावर ती वळली की सारा तांडा ओरडे आणि घुंगट आणखी खाली येई.

रिळाची दोन्ही टोकं आधीच नाजूक असतात. सहा आठवड्यांत त्या भागाच्या कडेची भोकं फाटली. फिल्म मशीनच्या दातांवर बसेना, आत अडकू लागली. अडकली की दिव्याच्या उष्णतेनं क्षणात जळते. कोणताही ऑपरेटर जे करतो तेच त्यानं केलं. कात्रीनं फाटका भाग काढला. बारा फूट, म्हणजे पडद्यावरचे आठ सेकंद. मुंबईला, नागपूरला, इंदूरला याच्या पन्नास प्रती फिरत असतील. एका प्रतीतून बारा फूट गेले तर काय बिघडलं? तो तुकडा त्यानं टॉकीजच्या फाटकाशी भीमसिंगला दिला. भीमसिंगनं तो रुमालात बांधून नेला. जमनी गेली तेव्हा तिचा घागरा, तिच्या बांगड्या आणि तो रुमाल त्यानं तिच्याबरोबरच चितेवर ठेवला. तिची वस्तू तिच्यासोबत.

एक वाजला. संगीतानं मोबाइल दोन्ही हातांत धरला.

सिनेमाआधी निवेदिका आली. चाचांना हा भाग सिनेमाइतकाच आवडे. ती चुकली तर ते तिला दुरुस्तही करत. तिनं टांग्याच्या घोड्याची गोष्ट सांगितली. संगीता हसली. "तुमचंच चोरलं, चाचा." मग निवेदिका म्हणाली की या सिनेमाची मूळ निगेटिव्ह गोदामाच्या आगीत गेली, प्रती भंगारात गेल्या. सिनेमा हरवला असंच सगळे धरून चालले होते. चार वर्षांपूर्वी अमरावतीला एका भंगारवाल्याकडे डबे सापडले. आज आपण पाहणार आहोत ती जगातली एकमेव उरलेली प्रत.

जलालचाचांनी मांडीवरचा हात उचलला आणि पुन्हा ठेवला. वणीत येणारे सगळे डबे अमरावतीहूनच येत आणि तिथंच परत जात. पण अमरावतीहून ते पुसदला जात, आर्णीला जात, दर्यापूरला जात. एकाच सिनेमाच्या तीन-तीन प्रती असत. ही दुसरी असेल. दुसरीच असेल.

"काय झालं?" हजराबीनं विचारलं.

"काही नाही. आवाज वाढव."

सिनेमा सुरू झाला. घोडा आला, थांबला, चालू लागला. संगीता आता हसली नाही. तिचे हात उज्ज्वलानं सांगितल्यासारखे स्थिर होते. चाळीस मिनिटं ती तशीच बसली होती. हजराबीनं तिच्या कोपराखाली उशी दिली.

विहीर दिसली. रहाट, ओले दगड, डोक्यावर घडा ठेवणारे हात. मग पायवाट आणि पाठमोऱ्या बायका. काचा लावलेल्या ओढण्या उन्हात चमकत होत्या.

"आता," संगीता स्वतःशीच म्हणाली.

पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक वाकडी फुली चमकून गेली. एका पायापेक्षा दुसरा पाय लांब. दाभणानं कोरलेली. रीळ बदलायची खूण कंपनीनं दिलेली असते, गोल ठिपक्याची. पण बारा फूट कापताना ते ठिपकेही गेले होते, म्हणून एका चोवीस वर्षांच्या ऑपरेटरनं आपल्या हातानं थोडं अलीकडे ही फुली कोरली होती. आपलं अक्षर ओळखावं तशी त्यांनी ती ओळखली.

बायका चालत राहिल्या. कोणी वळलं नाही. दुसरी फुली आली, चित्र एकदा दचकलं आणि पडद्यावर जळणारं गाव आलं.

संगीता वाट पाहत होती. गाव जळलं, नायक धावला, टांग्याचा घोडा उधळला. मग जाहिराती लागल्या. तिनं मोबाइल खाली घेतला.

"पुढं आहे का, चाचा?"

चाचा अजून पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहत होते.

"त्या कोपऱ्यावरची होती का? निळ्या ओढणीची? तिनं जरा मान हलवली होती."

हो म्हणणं सोपं होतं. निळ्या ओढणीच्या बाईचा गाल क्षणभर दिसला होता. संगीतानं तो गाल घरी नेला असता, मोठा करून भिंतीवर लावला असता. खोटं आहे असं सांगायला कोणी उरलं नव्हतं. हजराबी त्यांच्याकडे पाहत होती. तिला कापलेल्या तुकड्याचं माहीत होतं. टॉकीजमधलं सगळंच तिला माहीत असे.

"ते नाही," चाचा म्हणाले. "तुही याडी याच्यात नाही. मी कापली."

मग त्यांनी सांगितलं. बैलगाड्या, फिरून दाखव, फाटलेली भोकं, कात्री, फाटकाशी उभा भीमसिंग. रुमालाचं नाव निघालं तेव्हा संगीता म्हणाली, "लालीबाई सांगे. काळी पट्टी जाळली म्हणे बानं. मले वाटे, काही करणी-बिरणी असंन."

"मले वाटलं, पन्नास प्रती हायेत."

"तुम्ही कायले मुद्दाम करसान, चाचा. आमच्याच लोकायनं फाडली. पाहून पाहून."

जाहिराती संपल्या. हजराबीनं आवाज बंद केला. नायिका आवाजाशिवाय रडत होती.

संगीता त्यांच्याकडे सरकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुसरंच काही होतं, आणि चाचांना त्याची भीती वाटली.

"पण तुम्ही तं पाह्यली. रोज तीन खेळ, सहा आठवडे. वरून फिरून दाखव. तुमच्याइतकी तं माह्या बापानंबी नसंन पाह्यली. कशी होती ते तोंडानं? माह्यावानी होती का?"

जलालचाचांनी डोळे मिटले. पायवाट आली. ओढण्या आल्या. तांड्याचा ओरडा आला. मग कोपरा आला.

तो तुकडा रिळाच्या अगदी शेवटी होता. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, दुसऱ्या ठिपक्याला पडदा त्याच्या हवाली करायचा; मधले सेकंद आठ. जमनी वळली ती त्याच आठ सेकंदांत, आणि त्या आठ सेकंदांत ऑपरेटरची नजर पडद्याच्या कोपऱ्यावरून हलत नाही. हलली तर पडदा पांढरा होतो आणि सारी टॉकीज शिव्या घालते. फिरून दाखवताना नजर मशीनवर असे, फिल्म अडकते की काय म्हणून. कापताना तुकडा उजेडात धरला होता, तोही भोकं मोजायला. ती वळली, हसली, सगळ्यांना वाटलं आपल्याकडेच पाहून हसली: हे सारं त्यांनी ऐकलं होतं. चाळीस वर्षं सांगत आले होते, इतक्या वेळा की पाहिल्यासारखं झालं होतं.

"बेटी," ते म्हणाले, "मी कोपऱ्यात पाहत होतो."

तिला कळलं नाही. त्यांनी उठून टीव्हीच्या काचेवर उजवीकडे वर बोट ठेवलं. "इथं. दर टायमाले इथं. तिच्याकडे कधी पाह्यलंच नाही."

बाहेर अफरोजच्या गॅरेजमध्ये कोणीतरी इंजिनाला किक मारत होतं आणि ते सुरू होत नव्हतं.

मग संगीतानं मोबाइलवर रेकॉर्डिंग मागं नेलं. विहीर, पायवाट, पाठी, फुली. तिनं पुढं केलं, मागं केलं. तीनदा, चारदा. शेवटच्या फुलीवर तिनं चित्र थांबवलं आणि मोबाइल चाचांसमोर धरला.

"याच्यानंतर?"

"याच्यानंतरच," चाचा म्हणाले.

तिनं मान हलवली. मोबाइल बंद केला, शेवयांची वाटी उचलली आणि थंड झालेल्या शेवया शेवटपर्यंत खाल्ल्या. साडेतीनच्या बसला जाताना ती हजराबीच्या पाया पडली, चाचांच्याही पडली. गॅरेजपाशी फलकासमोर क्षणभर थांबली. घोड्याची ओळ तिथं तशीच होती.

पुढच्या शनिवारी अफरोजनं नवा खडू आणून दिला. जलालचाचांनी फलक ओल्या फडक्यानं पुसला. दिवस लिहिला, वेळ लिहिली, सिनेमाचं नाव लिहिलं. खालची, गोष्टीची जागा त्यांनी रिकामी सोडली.