जी कबर नव्हती

शारजाच्या फ्लॅटमध्ये माझा एक रूममेट सहा वर्षं होता. नगरकडचा. आडनाव आमच्याकडचंच, आणि गणपतीत आरतीला माझ्यापेक्षा मोठा आवाज. दर शुक्रवारी सुट्टीला कडक इस्त्रीचा शर्ट घालून दुबईला जायचा. कोणीतरी भेटलेली दिसतेय, म्हणून मी त्याला छळायचो. तो हसायचा. चर्चला जात असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

कोविडमध्ये तो चार दिवसांत गेला. विमानं बंद होती, म्हणून घरच्यांनी, मला सगळं ठाऊक असणार असं धरून, सगळं माझ्यावर सोपवलं. हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "हिंदू?" मी म्हणालो, "हाँ." "यल्ला, चलो, इधर साइन करो." मी सही केली. दहन झालं. राख मी समुद्रात सोडली, सख्ख्या भावाची सोडावी तशी, आणि आपण मोठं काम केलं असं मला वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. "मातीत नीट ठेवलं ना रे त्याला? प्रार्थना कोणी म्हटली?"

तेव्हा मला कळलं. मी म्हणालो, "हो मावशी, सगळं नीट झालं."

हे खोटं मला पचलं नाही. लंच टाइमला जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात बसून मी वाचत सुटलो. सुरुवातीचे ख्रिस्ती लोक मेलेल्याला झोपलेला म्हणायचे. आत्मा गेला की देहाचं काम संपलं, असं आमच्या घरात मानतात. त्यांचं तसं नव्हतं. हाच देह एक दिवस उठणार, म्हणून तो जपून मातीत ठेवायचा. आणि मी तो जाळून बसलो होतो. पुढे वाचलं, की रोमन राजवटीतल्या छळाच्या काळात त्यांच्यातल्या काहींना जाळून राख मुद्दाम नदीत टाकली होती, आता उठा बघू म्हणून. तरी मागे राहिलेल्यांचा विश्वास ढळला नाही. ज्याने काहीच नसताना माणूस घडवला, त्याला राख गोळा करणं काय जड, असं त्यांचं म्हणणं. मला केवढं हायसं वाटलं! मग स्वतःचीच चीड आली. इतक्या शतकांपूर्वी जाळलेल्या माणसांच्या जिवावर मी माझी सुटका करून घेत होतो.

गेल्या हिवाळ्यात त्याची आई, हल्लीच इकडे नोकरीला आलेल्या मुलीकडे व्हिजिटवर आली. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन. "मला त्याच्याकडे घेऊन चल."

नाही कसं म्हणणार? मी गाडी काढली. ती शेजारी बसली, मांडीवर पांढरी फुलं. शारजाच्या जॅममध्ये गाडी हलेना आणि माझाही धीर सुटला. मी सगळं सांगून टाकलं. सही, राख, समुद्र, फोनवरचं खोटं. तिथेच गप्प बसायचं, तर त्या नदीतल्या राखेची गोष्टही सांगितली.

तिने मांडीवरची फुलं सारखी केली. मग म्हणाली, "हे तू मला नको शिकवूस. उठवणाऱ्याला तो कुठूनही सापडेल. त्याची मला काळजी नाही."

मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी थोडी पुढे घेतली.

"पण इतकी वर्षं रोज प्रार्थना करताना मी डोळे मिटून त्याच्या कबरीवर हात ठेवते," ती म्हणाली. "तो हात आता कुठे ठेवू, सांग."