बंद दाराआडची ड्रेसर

नवी घोडी आली की गजभिये मावशी आधी हात मागे बांधून तिच्यासमोर उभी राहायची आणि विचारायची, "कोणत्या डिपार्टमेंटची वं तू?"

भिलाईत, पोलाद कारखान्याच्या गावात, माणसाची ओळख अशीच होते. नाव नंतर, डिपार्टमेंट आधी. मावशीने तीस वर्षं हॉस्पिटलात ड्रेसरची नोकरी केली. भाजलेला, कापलेला कामगार टेबलावर आला की पट्टी कापता कापता ती हेच विचारायची. तो सांगायच्या नादात हात सैल सोडायचा आणि तेवढ्यात हिचं काम होऊन जायचं. रिटायर झाल्यावर पेशंट बदलले, प्रश्न तोच राहिला. घोडीचं उत्तर मावशीच वाचायची. ओठांच्या कोपऱ्यात चिरा असल्या की "लग्न डिपार्टमेंट." छातीवरचे केस घासून गेले असले की "विटाभट्टी." मग हात सोडून जवळ जायची.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती पत्रकांचा गठ्ठा घेऊन. कॉलेजात असताना संघटनेत मी पत्रकं लिहायला शिकले होते. पहिली ओळ चापट मारल्यासारखी हवी, शेवटची मागणीची. वरातीतल्या घोड्यांवर मी चार पानी पत्रक काढलं होतं आणि सेक्टरच्या टोकाला एक बाई टाकून दिलेली जनावरं सांभाळते असं ऐकून दुर्गहून स्कूटर मारत आले होते. शेवटच्या क्वार्टरमागे मोकळं मैदान, त्यात पत्र्याचं शेड, चार घोड्या. मावशी एकीच्या पायाला पट्टी बांधत होती. पत्रक दिलं. तिने पूर्ण वाचलं, शेवटपर्यंत. मग उलटं करून कोरी बाजू अंगठ्याने चोळून पाहिली.

"खरं हाय सारं. कागदही चिकना हाय, मलम ठेवायले बरा. आता बालटी उचल."

मी उचलली. त्यानंतर तीन वर्षं उचलत राहिले.

इकडे छत्तीसगढात आम्ही घरात मराठी बोलतो, दाराबाहेर पडलं की हिंदी. मावशी मात्र घोड्यांशी फक्त मराठी बोलायची. विचारलं तर म्हणाली, "हिंदीत त्यायले लय शिव्या पडल्या हायेत बापा."

दुसऱ्या वर्षी लग्नांचा सीझन संपता संपता लाली आली. तांबड्या रंगाची, एक डोळा दुधाळ झालेला. काटेरी लगामाने तोंड फाटलं होतं. मालक स्वतःच दोरी धरून घेऊन आला होता. मी काय गप्प बसते? कायदा सांगितला, तुरुंग सांगितला, त्याच्या मुलाबाळांचा उद्धार करायचाच बाकी होता. मावशीने त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारत बसली. काय खाते? कशाला भिते? कोणत्या नावाने हाक मारता? तो म्हणाला, फटाक्यांना भिते. सात वर्षं फटाक्यांमध्ये उभी केलेली घोडी!

तो जायला निघाला तेव्हा त्याने लगाम मागितला.

"घोडी सोडून चालला ना? लगाम नाई भेटत," मावशी म्हणाली. मग त्याला समजावं म्हणून हिंदीत, "ये अब किसी के मुँह में नहीं जाएगा, भैया."

तो गेला. मी उसळले. त्याला एक शब्द बोलली नाहीस, उलट पाणी पाजलंस!

"अवं पोरी, तू त्याले आज शिव्या देशीन तं पुढची घोडी तो इथं नाई आणणार. हायवेवर सोडून देईन. शिव्या सांभाळून ठेव, पत्रकात कामी येतीन."

हे मला पटलं नव्हतं. आजही अर्धंच पटतं. ज्या लोकांनी वरातीत लालीसमोर डीजे लावून नाच केला, त्यांच्यातलेच काही आमच्या मैदानावर यायचे, लेकरांना घोडीसोबत उभं करून फोटो काढायचे आणि जाताना लिदीच्या वासाची तक्रार करायचे. त्यांना तरी काय पाणी पाजायचं? पण मावशीकडे माणसं घोडी घेऊन येत राहिली, हे खरं आहे. माझं पत्रक वाचून कुणी एक शिंगरूही आणलं नाही.

लालीचं तोंड भरून यायला पावसाळा गेला. मावशी ओट्यावर बसून पट्ट्या गुंडाळायची आणि लाली मागून येऊन तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवायची. सगळं वजन टाकायची. "मान मोडशीन माही," असं मावशी म्हणायची आणि हलायची नाही. शेजारचे रिटायर्ड फोरमन कुंपणावरून ओरडायचे, "गजभिये मैडम, बहू तो अच्छी मिली!" मावशीला लेकी दोन, दोघी नागपूरला. ती म्हणायची, "बहूच हाय. सासूच्या डोक्यावर बसली."

तरी लालीला चांगल्या घरी द्यायचं ठरलं. शेडमध्ये चारच घोड्या मावायच्या आणि पाचवी मालवीय चौकात कचरा खात फिरत होती. "बरा झालेला पेशंट बेड धरून बसला तं दुसऱ्याले कुठं झोपवू?" मावशी म्हणाली. मी म्हटलं, दुसरी कुणी दे, लाली ठेव. ती म्हणाली, "बरी लालीच झाली ना."

धमधा रोडवरच्या एका गावातून एक म्हातारे शेतकरी आले होते. पत्नी गेली, घर रिकामं, लहानपणी बापाकडे घोडी होती. सगळे त्यांना बबा, म्हणजे आजोबा, म्हणायचे. घोडी मागायला येणाऱ्याला मावशी अख्खी दुपार तिच्याजवळ बसायला लावायची, दुसरं काही नाही. कुणी अर्ध्या तासात मोबाईल काढायचा, कुणी पाठीवर बसून पाहू का विचारायचा. त्यांना ती परत पाठवायची. बबा बसले आणि तासाभराने तिथेच झोपले. लाली त्यांच्या डोक्याशी उभी राहिली आणि शेपटीने त्यांच्या तोंडावरच्या माशा हाकलत राहिली. मावशी शेडच्या खांबाआडून पाहत होती. "झालं," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

टेम्पो आला त्या दिवशी ती बाहेर आली नाही. हा तिचा नियम होता. दिलेल्या घोडीला तीन महिने आपल्यापैकी कुणी तोंड दाखवायचं नाही. आवाज नाही, वास नाही, गाडी नाही. "आपल्याले पाहिलं का तिले वाटते, न्यायले आले. मंग तिथलं पाणी गोड नाई लागत." मला हा हळवेपणा वाटायचा. दिलेल्या जनावराची तपासणी नको? पुरावा नको? लोकांना दाखवायला काय आहे आपल्याकडे?

मी पंधराव्या दिवशी गेले. मावशीला न सांगता. नव्या पत्रकासाठी मला दोन फोटो शेजारी शेजारी छापायचे होते, फाटक्या तोंडाची लाली आणि शेतातली लाली.

स्कूटरचा आवाज तिने लांबूनच ओळखला. तारेच्या कुंपणापर्यंत धावत आली, खिंकाळली, माझ्या ओढणीत तोंड खुपसलं. मी गूळ दिला. फोटो काढले. कान उभे, मान उंच, चांगला डोळा सरळ माझ्याकडे. निघाले तेव्हा ती कुंपणाच्या आतून स्कूटरसोबत धावत होती. आरशात दिसत होती. मला वाटलं, किती आनंदात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मावशीचा फोन. कुजबुजून बोलत होती. "लाली आली. फाटकाशी उभी हाय. पायाले लागलं. तू ये. मी आत हावो, दार लावलं. मले आवाज नको देऊ."

तार तोडून ती वीस-बावीस किलोमीटर चालत आली होती. हायवे ओलांडून, दुर्ग शहरातून. जनरल शिफ्टला निघालेले लोक स्कूटरी थांबवून पाहत होते. पुढच्या उजव्या पायाला गुडघ्याखाली तारेने चिरलं होतं आणि रक्त सुकून काळं झालं होतं. फाटक ढकलून ती ओट्यापर्यंत आली होती. बंद दाराच्या फटीला नाक लावून उभी होती. फुंकर घालावी तसा श्वास सोडायची आणि थांबायची. पुन्हा सोडायची.

मी ओट्यावर उभी राहिले. आयुष्यात एक जखम बांधली नव्हती. बालट्या उचलल्या, शेण काढलं, भाषणं दिली. भिलाईतली सगळ्यात चांगली ड्रेसर दाराच्या पलीकडे होती आणि तोंडातून शब्द काढत नव्हती.

दाराखालून एक कागद सरकला. *कोमट पानी. मीठ टाक. वरून खाली धू.*

मी धुतलं. लाली पाय झटकत होती पण नाक दारावरून काढत नव्हती. दुसरा कागद आला. *पाय झटकून राहिली असन तर थांब. मंग कर.* खुरांचा आवाज तिला आत ऐकू येत असणार. मग खालून मलमाची डबी आली आणि मग पट्टी, चपटी करून. *लय घट्ट नको. दोन बोटं जातीन येवढी.*

आतून नळाचा आवाज येत होता. सारखा. मला वाटलं, पाणी भरतेय.

दुपारी बबा टेम्पो घेऊन आले. अनवाणीच आले होते. रात्रभर त्यांनी शेतं शोधली होती. रागावतील असं मला वाटलं. त्यांनी लालीच्या मानेवर हात ठेवला आणि वाकून पट्टी पाहिली. लाली टेम्पोत चढेना. मला तिला ओढावं लागलं. फळी वर केली तेव्हा ती दाराकडे तोंड करून खिंकाळली. गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

मग दार उघडलं. मावशी दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मोरीतली बादली भरून वाहत होती. तिच्या रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडलेला होता.

"किती खोल होतं?"

"पेरभर."

"हाड दिसलं?"

"नाही."

"मंग भरून येईन." उठून नळ बंद केला आणि म्हणाली, "फटीतून वास घेतला तिनं माहा. मीबी घेतला तिचा." मग माझ्याकडे पाहिलं. "तू गेली होती का वं तिथं?"

"हो."

"कावून?"

"फोटोसाठी."

"निघाला का चांगला?"

मला तिने शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. मला उत्तरं देता येतात. फोटो चांगला निघाला होता. मी तो कुठेच छापला नाही.

तीन महिन्यांचा नियम लालीसाठी बदलला. "हिच्यासाठी तीन महिने नाई पुरत. हिले मी आता कधीच दिसायले नाई पाहिजे," मावशी म्हणाली, आणि पाळलं. दर रविवारी बबांचा फोन यायचा. खाते का, पाय टेकते का, विचारून झालं की ती म्हणायची, "द्या आता." बबा फोन लालीच्या तोंडाजवळ धरायचे. मावशी स्वतः काही बोलायची नाही. फोन कानाला दाबून, श्वास धरून, ती लालीचं चारा चावणं ऐकत बसायची. पट्ट्या मांडीवर तशाच.

वर्ष उलटल्यावर मी म्हटलं, मावशी, आता चल ना. लांबून पाहू. झाडाआडून.

"मले जावंसं नाई वाटत का वं? रोज वाटते. पण माह्या मनासाठी तिचं मन कावून हलवू?"

मावशी मागच्या हिवाळ्यात गेली. चार दिवसांचा ताप. पुण्यानुमोदनाच्या सभेत भंतेजींची वंदना झाल्यावर शेजारचे फोरमन उठले. त्यांनी सगळ्यांसमोर पँटचा पाय वर करून जुना भाजल्याचा डाग दाखवला. "डॉक्टर बोले थे, काटना पड़ेगा. मैडम बोलीं, मुझे एक महीना दो. इसी पाँव पर आया हूँ." मग आणखी एकाने बाही वर केली. मग आणखी एकाने. मी माझ्या आयुष्यात इतकी पत्रकं लिहिली, अशी सभा पाहिली नाही.

घोड्या आता चरोद्याला आहेत, रेल्वे यार्डामागे एकाने जागा दिली तिथे. पट्ट्या मी बांधते. वाईट बांधत नाही.

बबांना मावशी गेल्याचं फोनवर सांगवेना, दोन-चार रविवार टाळलं, मग स्वतःच गेले. स्कूटर गावाबाहेरच ठेवली आणि चालत गेले. बबा बांधावर बसून ऐकत राहिले. लाली मोहाच्या झाडाखाली चरत होती, अंगाने भरलेली, चमकणारी. मला राहवलं नाही. खरं सांगते, मला तिने ओळखायला हवं होतं. मावशीला ओळखणारं कुणीतरी हवं होतं. मी हाक मारली, "लाली!"

तिने कानसुद्धा हलवला नाही.

"लाली कहिबे त नइ सुनय, नोनी," बबा हळूच त्यांच्या छत्तीसगढीत म्हणाले. "अब एखर नाव दुलौरिन हे." म्हणजे लाडकी. त्यांनी तशी हाक मारली, तर ती चरायचं सोडून सरळ त्यांच्याकडे आली. मला वळसा घालून. कुणा परक्या बाईला घालावा तसा.

मी दुर्गच्या पद्मनाभपुरात राहते. धमधा रोडवरून येताना माझं घर आधी लागतं, भिलाई पुढे. मी घराच्या वळणावर वळले नाही. लालीची खबर द्यायला सेक्टरात गेले. मावशीच्या क्वार्टरला नवा रंग लागलाय. ओट्यावर एक अनोळखी बाई वाळलेले कपडे काढत होती.

"किससे मिलना है?"

कुणाला भेटायचं होतं मला? मी म्हटलं, "यहाँ एक बार एक घोड़ी आई थी. वो अब ठीक है. किसी को याद नहीं करती."

बाईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "अच्छा," ती म्हणाली, आणि उरलेले कपडे घेऊन आत गेली.