कोंडाबाईच्या बाटल्या

कोंडाबाईच्या घरात रिकामी बाटली कधी रिकामी राहिली नाही. थंड्याच्या बाटलीत गोडं तेल, औषधाच्या बाटलीत रॉकेल. कुणी उकिरड्यावर बाटली टाकली की ही उचलून आणायची. म्हणायची, "रिकामं मानूस आन रिकामी बाटली, दोनीला काम द्यावं." पालमकडच्या आमच्या गावात तिच्यासारखी टुकीनं संसार करणारी दुसरी बाई नव्हती. मी सांगतो म्हणजे खोटं नसतं.

तिचा लेक ज्ञानोबा आणि सून मंदा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. तीन वर्षांची नात चिंगी आजीजवळ राहायची. नवरा जाऊन कोंडाबाईला लय वर्षं झाली होती. ती पोर हेच तिचं जगणं. मी म्हणायचो, "पोरगी लय लाडावली." ती म्हणायची, "लाडवू द्या, भाऊ. तुमाला कुनी लाडवंना म्हणून जळायलाव!"

मग बाजारात कपडे धुवायचं सुटं लिक्विड आलं. पाकिटावर तरी लिहिलेलं असतं, लेकरांपासून लांब ठेवा म्हणून. सुट्यावर कोण लिहिणार? हिनं संत्र्याच्या थंड्याची बाटली नेली. लिक्विडही केशरीच. आणून न्हाणीत खाली ठेवली. चिंगीला वाटलं, लग्नातला थंडा.

ओरडणं ऐकून मी शेजारून धावलो. पोरीच्या तोंडाला फेस, आणि कोंडाबाई तिच्या घशात बोटं घालून ओकवायलेली. "निघू दे माय, समदं निघू दे!" पोटात वाईट गेलं की आमच्याकडं हेच करतात. रस्त्यावरची कापसाची गाडी मी आडवा होऊन थांबवली आणि परभणी गाठली. डॉक्टर म्हणाले, "यात कास्टिक आहे. जाताना घसा भाजला. ओकवलं, तेव्हा येताना पुन्हा भाजला." कोंडाबाईनं हात पदराखाली घेतले.

पोर वाचली. पण पातळाशिवाय घशाखाली काही उतरेना. लेक-सून फड सोडून आले. दवाखान्यातून घरी आणल्यावर ज्ञानोबा म्हणाला, "आता चिंगीला संगं नेतो."

कोंडाबाई माझ्या दारात येऊन बसली. "भाऊ, तुमचं ऐकंल त्यो. समद्या बाटल्या फेकल्या मी. उंच फळी ठोकून घेते. मला हाना म्हणावं, पर पोर नेऊ नका."

शब्द टाकायला मी कुणाच्या दारात जात नाही. गेलो. म्हणालो, "आरं, तिथं कोयते हायत, ट्रॅक्टर हायत, साप हायत. तिथं लेकराला काय पाळण्यात ठेवणार हायस?"

ज्ञानोबा खाली बघून बोलला, "काका, तिथं काय झालं तर माझ्या हातनं हुईल. मायच्या हातनं झालेलं मला बघवंना."

मी उठलो आणि चपला पायांत सरकवल्या.

निघायच्या दिवशी टेम्पोत मंदाच्या मांडीवरून चिंगी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आजी, पानी." कोंडाबाईनं धावत तांब्या आणला. पोरीच्या तोंडाजवळ नेला आणि थांबली. आधी स्वतः एक घोट घेतला. जिभेवर घोळवला. तरी हात पुढं जाईना. तांब्या सुनेपुढं धरून म्हणाली, "तू पाज."

"पाजा की आत्याबाई. तुमालाच मागायली ती."

"नगं. माझ्या हातनं नगं."

टेम्पो गेला.

कोंडाबाई अजून आहे. एकटीच असते. उन्हातान्हात कुणी दारात आलं, तर बसा म्हणते, पण पाणी आणून देत नाही. मी गेलो तरी तेच.

"घागर तिकडं हाय, भाऊ. तुमच्या हातानं घ्या."