हॉस्पिटलवाले नकोत

साथीच्या दिवसांत आखातातल्या दोह्यात खोली बघायला कुणी जात नसे. खोलीच फोनवर आपल्याकडे यायची. मालकीण कॅमेरा धरून फिरायची आणि आम्ही दोघी बहिणी पलंगावर बसून सांगायचो, "नळ सोडून दाखवा, एसी लावा, खिडकी उघडते का बघा." ना स्पर्श, ना संसर्ग. सगळे खूश.

आम्ही सोडून. ताई कोविड वॉर्डात नर्स. अल हिलालमधल्या ज्या व्हिलात आम्ही राहायचो, तिथल्या काकूंनी महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं होतं. दाराबाहेरूनच, ओढणी नाकाला लावून. आणि त्याच काकूंच्या मोबाइल स्टेटसला नर्सचं चित्र, खाली जोडलेले हात! देवी म्हणायचं आणि घराबाहेर काढायचं. कॉलेजात पत्रकं लिहून गल्लोगल्ली वाटत फिरलेली पोरगी मी. मला हे पचणं शक्य नव्हतं.

खोली दाखवायच्या त्या व्हिडिओ कॉलमध्ये आणखी एक गोम होती. खोली दाखवून झाली की पलीकडून यायचं, "आता तुमचा कॅमेरा फिरवा. दोघीच ना? कामाला कुठे?" हॉस्पिटल म्हटलं की पलीकडचं नेट जायचं. लगेच. दर वेळी.

मग मीच म्हटलं, "ताई, ऑफिसात आहे म्हणून सांग." मला त्याची आजही लाज वाटत नाही.

अल रय्यान भागातल्या एका खोलीची मालकीण नाशिककडची, बोलकी. ताईचा चेहरा बघून म्हणाली, "अगं बाई, नाकावर वळ कसले?"

तासन्‌तास घट्ट बसलेल्या मास्कचे होते ते.

"चष्म्याचे," ताई म्हणाली.

"मग बदल की गं तो चष्मा!" ती हसली. खोली मिळाली, तिच्याच घरातली.

तिथून ताई साध्या सलवार-कमीजमध्ये निघायची, युनिफॉर्म पिशवीच्या तळाशी. धुतला की तो खोलीतच, दार लावून वाळवायचा. चोरीचा माल असल्यासारखा!

एका दुपारी मालकिणीच्या नवऱ्याला ताप चढला, धाप लागली. ती बोळात उभी राहून रडत होती, "कुणाच्या ओळखीत हॉस्पिटलातलं आहे का हो कुणी?"

मी ताईचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला. मास्क, हातमोजे चढवून ती आत गेली, त्यांना पालथं झोपवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. अँब्युलन्सवाल्यांशी ती फोनवर बोलायला लागली, तेव्हा मालकीण रडायची थांबून तिच्याकडे बघतच राहिली.

नवरा वाचला. तो घरी यायच्या आदल्या दिवशी मालकीण आमच्या उंबऱ्याशी येऊन थांबली.

"ताई, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. पण तुम्ही खोटं बोललात. आणि आता हे इतके अशक्त... तुम्ही दुसरीकडे बघा."

"खरं बोललो असतो तर तुमच्या नवऱ्याला बघायला इथे होतं कोण?" मी ओरडले.

ताई पलंगावर आडवी झाली होती. "पुरे गं," भिंतीकडे वळत ती म्हणाली. "मला नाईट आहे. झोपू दे."