चित्राखालची पाटी

घाबरट माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, तेच त्याची वाट बघत दबा धरून बसतात! मी तर नोकरीही अशा ठिकाणी धरली होती जिथे काहीच हलत नाही : वर्ध्याजवळचं एक छोटं कलासंग्रहालय. तरी इतके किस्से जमले, की मैत्रिणींना सांगताना निम्मे गाळते. लाज वाटते हो!

*

नव्वदच्या दशकाची अखेर. बी.ए. होऊन नुकतीच लागले होते, टेम्पररी. पहिल्या दिवशी स्टोअररूमच्या अंधारात कोणीतरी उभं दिसलं. आमचे संचालक समजून दचकून म्हणाले, "गुड मॉर्निंग सर!"

मागून वॉचमन गुलाबराव म्हणाले, "मॅडम, तो प्लास्टरचा हाय."

दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात पुन्हा कोणीतरी. आता मी थोडीच फसते! जाता जाता ऐटीत खांद्यावरची धूळ झटकली.

ते सर होते.

*

एकदा गिरडचे एक शेतकरी आजोबा बैलाच्या मोठ्या पेंटिंगपुढे बराच वेळ उभे. शेवटी म्हणाले, "हा बैल चालनार नाई. पाय उलटा हाय."

मी कॉलेजातलं सगळं ज्ञान गोळा करून म्हणाले, "आजोबा, हे मॉडर्न आर्ट आहे."

"असन. पन बैलाले कोन सांगन?"

*

चित्रांखालच्या पाट्या लिहिणं माझं काम. नव्या प्रदर्शनासाठी हिंगणीहून एक मावशी आल्या. मातीनं लिंपलेल्या फळ्यांवर गेरू आणि चुन्यानं तीन दिवस चित्र काढत होत्या. चित्राजवळून जातानाही मी दचकायचे, तर म्हणायच्या, "काऊन भेतं वं पोरी? मोर हाय, वाघ नाई!" रोज आपल्यातली अर्धी भाकर मला द्यायच्या.

पहिल्या दिवशी नाव विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी संकोच वाटला. तिसऱ्या दिवशी, तीन दिवस जिची भाकर खाल्ली तिला कुठल्या तोंडानं विचारू?

गुलाबरावांना विचारलं. "शंकरची माय."

"अहो, पण नाव?"

"सारं गाव हेच म्हनते मॅडम."

तेवढ्यात सर आले. "बाईंचं नाव घेतलंस ना? पाटी चुकली तर नोकरीची पुढची ऑर्डर विसर."

"घेतलं सर!"

पाटीवर लिहिलं : 'हिंगणी परिसरातील पारंपरिक भित्तिचित्र.' उद्घाटनाच्या गडबडीत सरांनी पाट्या वाचल्याच नाहीत. मी वाचले!

*

पुढच्या रविवारी मावशी नवं लुगडं नेसून हजर. सोबत त्यांच्या सुनेची आई.

"ही माही इहीन. चित्र माहं हाय म्हनलं तं मानतच नाई, म्हन्ते थापा मारून राह्यली. वाच ना पोरी, खाली काय लिवलं? आमाले दोघीले वाचता येत नाई."

सर दारातच उभे होते.

"तुमचं... तुमचं नाव लिहिलंय मावशी."

मावशी विहिणीकडे वळल्या. "पाह्य! म्या म्हनलं नव्हतं?" मग माझ्या जवळ येऊन, हळूच, "कोनतं लिवलं वं? माहेरचं का सासरचं?"

मी दचकून म्हणाले, "दोन्ही!"

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

विहीणबाई पदर सावरून पाटीजवळ येऊन उभ्या राहिल्या. "मंग वाच ना वं पोरी दोनी. मोठ्यानं."