तिसरीच्या वर्गाचा कॉम्प्युटरला प्रश्न

मरोळच्या चर्चमागे मराठी प्राथमिक शाळा होती. तिथे आयडा रोझारिओ तिसरीला शिकवायच्या. त्यांचे वडील, अर्बन रोझारिओ, भातशेती करणारे. मुलीने शिकावं म्हणून त्यांनी तिला चिखलात उतरू दिलं नाही. पण मातीची ओढ राहिलीच. वर्गाच्या खिडकीत करवंट्यांमधून नेहमी काहीतरी उगवलेलं असायचं.

१९७५ साली त्यांच्या वर्गात अनुपमा परब नावाची मुलगी होती. एकदा ती म्हणाली, "टीचर, माझे बाबा मशीनला प्रश्न विचारतात."

तिचे वडील चंद्रप्रकाश पवईच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला माहिती पुरवणाऱ्या कार्डांना भोकं पाडायचं काम करत. टीचरांनी त्यांना शाळेत बोलावलं.

"परब, आमच्या मुलांचा एखादा प्रश्न घ्याल का?"

"बाई, त्याला स्वतःचं काय येत नाय. आपण भरू तेवढंच."

"मग मुलंच भरतील ना."

मुलांनी प्रश्न ठरवला: पाण्याशिवाय वाल उगवतो का? प्रत्येकाने एकेक करवंटी घरी नेली. अर्ध्यांनी पाणी घालायचं, अर्ध्यांनी नाही. काय झालं ते चिठ्ठीवर लिहून आणायचं. टीचरांनी चिठ्ठ्या न वाचताच परबांकडे दिल्या. उत्तर त्यांना मुलांबरोबरच कळायला हवं होतं. परबांच्या साहेबांनी हसत परवानगी दिली, आणि एका शनिवारी सगळा वर्ग पवईला जाऊन काचेतून ते मशीन बघून आला.

सोमवारी परब लांबलचक कागद घेऊन वर्गात आले. चेहरा उतरलेला.

"बाई, वाट लागली. बिनपाण्याचे वालपण उगवलेत म्हणतंय, जवळजवळ सगळेच. मी एकेक कार्ड परत तपासलं. चूक सापडत नाय."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. मग अनुपमा हळूच उठली.

"बाबा, मी घातलं थोडं पाणी. त्याला तहान लागली होती."

तिच्यामागे आणखी एक हात वर गेला. मग आणखी एक. बिनपाण्याच्या गटातले बहुतेक हात वर झाले. कोणी आईची नजर चुकवून पाणी घातलं होतं, कोणी आजीच्या सांगण्यावरून.

आयडा टीचर बाकावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. एकालाही रागावल्या नाहीत.

"मग मशीन चुकलं का रे?"

"नाही टीचर. आपणच चुकीचं सांगितलं."

पुन्हा वाल पेरले. या वेळी कोरड्या करवंट्या वर्गातच, कपाटावर ठेवल्या. त्यातला एकही उगवला नाही. तेव्हा एका मुलाने विचारलं, "आता पाणी घातलं तर? किती दिवस वाट बघू शकतो वाल?" टीचर ते ऐकतच राहिल्या. नोकरीतल्या एवढ्या वर्षांत पोरं त्यांना उत्तरं देत आली होती. पुढचा प्रश्न कोणी स्वतःहून काढला नव्हता. पुढचे कितीतरी आठवडे वर्ग त्याच प्रश्नामागे होता, आणि परब मुकाट्याने कार्डांना भोकं पाडून देत होते.

नंतरच्या वर्गांचेही प्रश्न परब घेत राहिले, पण दोनेक वर्षांनी त्यांचे साहेब बदलले. मशीनवरचं कामही वाढलं. मुलांची कार्डं आता घेता येणार नाहीत, हे सांगायला परब आले आणि दारातच घुटमळले. टीचरच म्हणाल्या, "अहो, तुम्ही दिलंत ते पुष्कळ झालं. आता चिंचोके मांडून मोजू आम्ही." आणि खरंच मोजू लागल्या. जमिनीवर खडूच्या चौकटी, त्यांत चिंचोक्यांच्या राशी, भोवती भांडणारी मुलं.

रविवारी चर्चमध्ये आपल्या माणसांसाठी प्रार्थना करताना त्या परबांचंही नाव घेत. परबांना याचा पत्ता नव्हता. नाताळात मात्र गरम फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, ताट घेऊन त्या स्वतः त्यांच्या खोलीवर जात. अनुपमाची आई नलिनी ताट ठेवून घेई, आणि दुसऱ्या दिवशी अनुपमा ते घावन्यांनी भरून परत आणून देई.